दीर्घ पल्ल्याची ड्युअथ्लॉन: हौशी स्पर्धकांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

धावणे आणि सायकल या दोन्हींची आवड असलेली मंडळी जे प्रश्न सातत्याने पाठवतात, त्यांची उत्तरे येथे एकत्र दिली आहेत. उदाहरणासाठी स्वित्झर्लंडमधील झोफिंगेन येथील पॉवरमॅन (याच नावाच्या शर्यती इतर देशांतही होतात) ही शर्यत डोळ्यांसमोर ठेवली आहे, कारण या प्रकाराची ओळख जगभर तिच्याच नावाने होते. नियमांचे आकडे जागतिक ट्रायथ्लॉन संघटनेच्या नियमावलीनुसार आहेत. तरीही ज्या शर्यतीत तुम्ही उतरणार आहात तिची त्या वर्षीची माहितीपुस्तिका अंतिम मानावी.

१. दीर्घ पल्ल्याची ड्युअथ्लॉन म्हणजे नेमके किती अंतर?

ड्युअथ्लॉनमध्ये आधी धावणे, मग सायकल आणि शेवटी पुन्हा धावणे असा क्रम असतो. मधल्या पल्ल्याची पॉवरमॅन शर्यत १० किलोमीटर धावणे, ६० किलोमीटर सायकल आणि पुन्हा १० किलोमीटर धावणे अशी असते, तर दीर्घ पल्ल्यात हीच अंतरे १०, १५० आणि ३० किलोमीटर होतात. झोफिंगेन हे आरगाऊ प्रांतातले जुने, लहानसे गाव आहे. तेथे १९८९ मध्ये ही शर्यत सुरू झाली आणि दीर्घ पल्ल्याचे जागतिक अजिंक्यपद अनेक वर्षे तेथेच ठरत आले. सायकलचा मार्ग ५० किलोमीटरच्या तीन फेऱ्यांचा असून बोडेनबर्गचा चढ प्रत्येक फेरीत पार करावा लागतो. धावण्याचा मार्गही सपाट नाही, त्यात जंगलातले चढउतार आहेत. आघाडीचे पुरुष खेळाडू सहा ते साडेसहा तासांत शर्यत पूर्ण करतात. नोकरी-व्यवसाय सांभाळून तयारी करणाऱ्या हौशी स्पर्धकाने आठ ते दहा तासांचा हिशेब धरावा आणि शर्यतीच्या ठरलेल्या कमाल वेळेशी तो ताडून पाहावा.

२. मला पोहता येत नाही, म्हणून ट्रायथ्लॉनऐवजी ड्युअथ्लॉन निवडतो आहे. ती सोपी असते ना?

पोहता येत नसल्यामुळे ड्युअथ्लॉनकडे वळणे यात काहीच गैर नाही. मात्र ती सोपी असते हा समज मनातून पूर्णपणे काढून टाकावा. ट्रायथ्लॉनमध्ये पोहताना मुख्य काम हात आणि खांदे करतात, त्यामुळे सायकलवर बसताना पाय बऱ्यापैकी ताजे असतात. येथे १० किलोमीटर धावून झालेले पाय सायकलवर चढतात आणि १५० किलोमीटरनंतर तेच पाय पुन्हा ३० किलोमीटर धावतात. एकूण ४० किलोमीटरचे धावणे हे मॅरेथॉनपेक्षा फार कमी नाही, आणि त्याचा तीन-चतुर्थांश भाग पाच-सहा तासांच्या सायकलनंतर येतो. शर्यतीचा खरा निकाल या शेवटच्या ३० किलोमीटरमध्ये लागतो. पुढची बरीचशी उत्तरे या एकाच गोष्टीभोवती फिरतात: तो टप्पा चालत न काढता धावत काढता यावा यासाठी आधीचे सहा-सात तास कसे वागावे?

३. या शर्यतीचा विचार करण्याआधी किमान कोणता पाया हवा?

एक पूर्ण मॅरेथॉन किंवा काही अर्धमॅरेथॉन, शंभर किलोमीटरच्या सायकल सफरींची सवय आणि मधल्या पल्ल्याच्या एका ड्युअथ्लॉनचा अनुभव एवढे तरी गाठीशी असावे. आपल्याकडच्या स्पर्धकांसाठी मलेशियातील पुत्रजया येथील पॉवरमॅन ही चांगली पायरी आहे. तेथे उकाड्यात धावण्याची सवय असल्याचा फायदा होतो, आणि दोनदा धावण्याचा अंदाज कमी अंतरात घेता येतो. हा पाया असेल तर नेमक्या तयारीला पाच ते सहा महिने द्यावेत. पस्तिशी ओलांडलेल्यांनी, तसेच घराण्यात हृदयविकार, मधुमेह किंवा उच्च रक्तदाब असलेल्यांनी सराव वाढवण्यापूर्वी डॉक्टरांकडून तपासणी करून घ्यावी आणि शर्यतीचे स्वरूप त्यांना स्पष्ट सांगावे. नुसते ‘थोडे पळतो’ असे सांगितले तर तपासणीही तेवढ्यापुरतीच होईल.

४. आठवड्याचा सराव कसा आखावा?

आठवड्याला दहा ते बारा तास मिळत असतील तर त्यांतले निम्म्याहून अधिक सायकलला द्यावेत, कारण शर्यतीतला सर्वाधिक वेळ सायकलवर जातो आणि सायकलचा ताण सांध्यांना तुलनेने सोसतो. धावण्याचे दिवस तीन किंवा चार असावेत. आठवड्यातून एकदा ‘ब्रिक’, म्हणजे सायकलवरून उतरताच धावण्याचा सराव, अवश्य करावा. मात्र प्रत्येक वेळी तो लांब करण्याची गरज नाही. तीन तासांच्या सायकलनंतर २० ते ३० मिनिटांचे धावणे बहुतेक आठवड्यांना पुरते. महिन्यातून एकदा क्रम पूर्ण करावा: ६ ते ८ किलोमीटर धावणे, ८० ते १०० किलोमीटर सायकल आणि पुन्हा १० ते १५ किलोमीटर धावणे. एकाच दिवशी पूर्ण १५० आणि पूर्ण ३० करून पाहण्याचा मोह टाळावा, कारण त्यातून सावरण्यातच पुढचे दहा-बारा दिवस जातात.

चढाच्या सरावासाठी महाराष्ट्रासारखा प्रदेश शोधून सापडणार नाही. पुण्याच्या मंडळींना सिंहगड आणि बोपदेव घाट, कोल्हापूरकरांना पन्हाळा आणि जोतिबा, तर साताऱ्याच्या मंडळींना यवतेश्वर घाट हाताशी आहे. येथे बहुतेक जणांकडून एक गोष्ट राहून जाते, ती म्हणजे उतारावर धावणे. उतरताना मांडीचे स्नायू ताणले जात असतानाच आकुंचन पावतात, त्यातून त्यांच्या तंतूंना सूक्ष्म इजा होते आणि दोन दिवस जिना उतरणेही अवघड होते. परंतु असा सराव अंतराने पुन्हा केला की तेच स्नायू पुढच्या वेळी कितीतरी कमी दुखावतात. म्हणून टेकडी चढून गेल्यावर गाडीने खाली न येता, आठवड्यातून एकदा सावकाश धावतच उतरावे. सुरुवात एक-दोन किलोमीटरपासून करावी आणि शर्यतीच्या आधीच्या दोन आठवड्यांत हा सराव थांबवावा.

५. झोफिंगेनसारखी शर्यत सप्टेंबरमध्ये आली तर लांब सराव ऐन पावसाळ्यात येतो. काय करावे?

ही अडचण खरी आहे. जुलै आणि ऑगस्टमध्ये घाटरस्त्यांवर धुके, शेवाळ, दरडीची माती आणि पर्यटकांच्या गाड्या हे सगळे एकाच वेळी असते, आणि रिमवर दाबणारे जुने ब्रेक ओल्या चाकावर उशिरा पकडतात. त्यामुळे आठवड्यातल्या सायकल सरावांपैकी मोठा भाग घरच्या ट्रेनरवर, म्हणजे सायकल जागच्या जागी चालवण्याच्या उपकरणावर, करावा. ट्रेनरवर मध्ये उतार नसल्याने पायांना विसावा मिळत नाही, म्हणून तेथले तीन तास रस्त्यावरच्या साधारण चार तासांचे काम करून घेतात असे माझे मत आहे. खोलीत मोठा पंखा समोर ठेवावा, नाहीतर उष्णतेमुळेच नाडीचे ठोके वाढतात आणि सरावाचा हिशेब चुकतो. उघडीप मिळेल तेव्हा पूर्वेकडच्या कमी पावसाच्या भागात लांब सायकल काढावी. पुण्याहून सासवड-जेजुरीकडचे रस्ते त्यासाठी सोयीचे आहेत. धावणे मात्र पावसातही बाहेरच चालू ठेवावे.

६. पहिले १० किलोमीटर किती वेगाने धावावेत?

ज्या वेगाने शेजारच्या स्पर्धकाशी पूर्ण वाक्यांत बोलता येते, त्या वेगाने. निव्वळ १० किलोमीटरच्या शर्यतीत तुम्ही किलोमीटरला साडेपाच मिनिटांनी धावत असाल, तर येथे सहा ते सव्वासहा मिनिटांनी धावावे. या संयमाची किंमत पाच ते आठ मिनिटे आहे. तो न पाळल्यास शेवटच्या धावण्यात अर्धा-पाऊण तास सहज जातो.

याचे कारण इंधनाच्या हिशेबात आहे. शरीरात साठवलेले ग्लायकोजेन (स्नायू आणि यकृतातला कर्बोदकांचा साठा) सुमारे दोन हजार किलोकॅलरी पुरवू शकते. ७० किलो वजनाच्या माणसाला धावताना दर किलोमीटरला साधारण ७० किलोकॅलरी लागतात, म्हणजे ४० किलोमीटरना २८०० आणि त्यावर सायकलचे तीन हजारांहून अधिक. हा एकूण सहा हजारांच्या आसपासचा खर्च केवळ साठ्यातून भागत नाही. बाकीची गरज चरबीतून आणि वाटेत खाल्लेल्या अन्नातून भागवावी लागते. वेग वाढला की चरबीचा वाटा घटतो आणि ग्लायकोजेन झपाट्याने उडते. पहिल्या तासात तसे झाले तर ती उधळपट्टी पुढे खाऊन भरून निघत नाही, कारण आतडे दर तासाला ठरावीक प्रमाणातच कर्बोदके शोषू शकते.

सुरुवातीला आजूबाजूचे सगळे पुढे पळत असतात, तेव्हा घड्याळावर नजर ठेवणे फार कठीण जाते. म्हणून सरावात हाच वेग इतक्या वेळा धावावा की तो शरीराला आपोआप कळेल.

७. सायकलवर काय आणि किती खावे?

दर तासाला ६० ग्रॅम कर्बोदके हे किमान लक्ष्य ठेवावे. ग्लुकोज आणि फ्रुक्टोज एकत्र घेतल्यास, आणि पोटाला सरावात सवय लावल्यास, ८० ते ९० ग्रॅमपर्यंत जाता येते, कारण या दोन शर्करा आतड्यात वेगवेगळ्या मार्गांनी शोषल्या जातात. एका तासाचा हिशेब असा बसतो: ४० ग्रॅम शर्करा विरघळवलेली अर्ध्या लिटरची एक बाटली आणि अर्ध्या तासाच्या ठोक्याला २५ ग्रॅम कर्बोदकांचे एक जेल (पाकिटातले घट्ट, गोड द्रावण), म्हणजे ६५ ग्रॅम झाले. जेलऐवजी मध्यम आकाराचे केळेही चालते. जेल नेहमी साध्या पाण्याबरोबर घ्यावे, गोड पेयाबरोबर घेतल्यास पोटात मळमळते.

घरगुती पदार्थांविषयी अनेक जण विचारतात. उकडलेला बटाटा मीठ लावून, बी काढलेले खजूर, राजगिऱ्याची वडी हे पदार्थ सायकलच्या पहिल्या दोन फेऱ्यांत उत्तम चालतात. तुपातले लाडू, शेंगदाण्याची चिक्की, सुकामेवा हे पदार्थ मात्र स्निग्धांशामुळे पोटात रेंगाळतात, त्यामुळे ते सरावापुरतेच ठेवावेत. तिसऱ्या फेरीत घन पदार्थ थांबवून फक्त द्रव आणि जेल घ्यावे, म्हणजे धावायला उतरताना पोट हलके असते. भूक लागण्याची वाट पाहू नये. सायकलवर चढल्यावर दहा-पंधरा मिनिटांत पहिला घास पोटात गेला पाहिजे. बोडेनबर्गसारख्या चढावर दम लागलेला असताना वेष्टन फाडणे जमत नाही, तेव्हा चढ सुरू होण्यापूर्वीच खाऊन घ्यावे.

८. पाणी आणि मिठाचे प्रमाण कसे ठरवावे?

यासाठी घरीच एक साधी चाचणी करता येते. लघवीला जाऊन आल्यावर कोरड्या कपड्यांत वजन करावे, तासभर शर्यतीच्या वेगाने सराव करावा, प्यायलेले पाणी मोजावे आणि अंग पुसून पुन्हा वजन करावे. घटलेले वजन अधिक प्यायलेले पाणी म्हणजे तुमचा तासाचा घाम. मुंबईच्या दमट हवेत हा आकडा एक लिटरपलीकडे जाऊ शकतो आणि स्वित्झर्लंडच्या गार सकाळी त्याच्या निम्माही भरणार नाही, म्हणून चाचणी दोन्ही प्रकारच्या हवेत करावी. घामाइतके सगळे पाणी भरून काढण्याचा अट्टहास नको. गरजेपेक्षा जास्त पाणी पिऊन रक्तातील सोडियम घसरणे हा तहानेपेक्षा गंभीर धोका आहे, आणि तो सावकाश धावणाऱ्या, प्रत्येक टेबलावर थांबून पिणाऱ्या स्पर्धकांना अधिक असतो. बोटांतली अंगठी घट्ट होणे, डोके जड होणे आणि मळमळ ही लक्षणे दिसली तर पाणी पिणे थांबवून वैद्यकीय पथकाकडे जावे.

९. टीटी बाईक (वाकून बसून वारा कापण्यासाठी बनवलेली टाइम ट्रायलची सायकल) घ्यावीच लागेल का?

नाही. चढउतारांच्या मार्गावर चांगली बसवून घेतलेली रोड बाईक आणि तिच्यावर लावलेले एअरोबार (पुढे वाकून कोपरे टेकवण्याचे हँडल) हौशी स्पर्धकाला पुरतात. पैसे खर्च करायचे असतील तर आधी सायकलचे फिटिंग, मग चांगले टायर आणि मग चढासाठी हलके गिअर असा क्रम ठेवावा. एअरोबारवर वाकून तीन तास सलग चालवण्याचा सराव नसेल तर शर्यतीत पाठ आखडते, आणि आखडलेल्या पाठीने ३० किलोमीटर धावणे होत नाही.

१०. ट्रान्झिशनमध्ये, म्हणजे धावणे आणि सायकल यांच्यातल्या अदलाबदलीच्या जागी, नवखे स्पर्धक कोणत्या नियमात अडकतात?

हेल्मेटच्या. सायकल स्टँडवरून काढण्यापूर्वी हेल्मेटचा पट्टा लावलेला असलाच पाहिजे, आणि परत आल्यावर सायकल स्टँडला लावल्यानंतरच तो सोडायचा. ठरलेल्या रेषेच्या पुढे गेल्यावर सायकलवर चढायचे आणि परतताना रेषेच्या आधी उतरायचे. क्रमांकाची पट्टी सायकलवर पाठीमागे आणि धावताना पुढे असावी, त्यासाठी रेस बेल्ट (क्रमांक अडकवण्याचा कमरेचा पट्टा) सोयीचा पडतो. मोबाईल आणि इअरफोन वापरता येत नाहीत, काचेची बाटली चालत नाही आणि उघड्या अंगाने धावता येत नाही.

११. ड्राफ्टिंगचा, म्हणजे पुढच्या सायकलच्या आडोशाला चालवण्यावरील बंदीचा, नियम नीट समजत नाही. पुढच्या स्पर्धकापासून राखायचे १२ मीटर कोठून मोजायचे?

पुढच्या स्पर्धकाच्या पुढच्या चाकाच्या टोकापासून तुमच्या पुढच्या चाकाच्या टोकापर्यंत. सायकलची लांबी वजा केली तर त्याच्या मागच्या चाकापासून तुमच्या पुढच्या चाकापर्यंत साधारण दहा मीटर मोकळे राहिले पाहिजेत. या टापूत शिरलात तर २५ सेकंदांत ओलांडून पुढे जायचे. तुमचे पुढचे चाक त्याच्या पुढे गेले की मागे सरकण्याची जबाबदारी त्याची होते, आणि तोही २५ सेकंदांत बाहेर पडला पाहिजे. दीर्घ पल्ल्यात या चुकीला पाच मिनिटांची शिक्षा असते, ती पुढच्या दंडकक्षात थांबून भोगावी लागते. न थांबल्यास स्पर्धक बाद होतो, आणि तिसऱ्यांदा तीच चूक केल्यासही बाद होतो. हे अंतर डोळ्यांना कसे दिसते हे सरावातच बसवून घ्यावे: रस्त्यावर १२ मीटर मोजून खडूच्या दोन खुणा कराव्यात आणि मित्राची सायकल पुढच्या खुणेवर उभी करून पाहावी. धावताना हा नियम लागू नाही.

१२. युरोपात उजव्या बाजूने चालवायचे असते, त्याचा शर्यतीत खरोखर फरक पडतो का?

फार पडतो. तेथे उजवीकडे राहायचे आणि डावीकडून ओलांडायचे. दमलेल्या अवस्थेत जन्मभराची सवय उसळी घेते आणि आपण नकळत डावीकडे जातो. त्यातून मागच्याची वाट अडवल्याचा दंड तर होतोच, पण उतारावर गंभीर अपघातही होऊ शकतो. निदान चार दिवस आधी पोहोचून मार्गाची एक फेरी सायकलने करावी.

१३. घरच्यांनी वाटेत बाटली दिली तर चालते का?

नाही. बाहेरची मदत घेता येत नाही, आणि मित्र वा घरचे कोणी सोबतीला धावले तरी ती मदतच धरली जाते. घरच्या मंडळींना हे आधीच सांगून ठेवावे, कारण ती प्रेमापोटीच पुढे येतात. मदत फक्त अधिकृत मदत केंद्रावर मिळते. याला एक अपवाद आहे: त्याच शर्यतीतला दुसरा स्पर्धक पंप, ट्यूब किंवा खाण्यापिण्याची किरकोळ वस्तू देऊ शकतो. मात्र सायकल, चाक, बूट किंवा हेल्मेट असे काही, जे दिल्याने त्याची स्वतःचीच शर्यत थांबेल, ते देता येत नाही.

१४. नोंदणी थेट होते की महासंघामार्फत? वयोगट कसा ठरतो?

खुल्या शर्यतीची नोंदणी स्पर्धक स्वतः करतो. जागतिक अजिंक्यपदातील वयोगटांच्या जागा मात्र राष्ट्रीय महासंघामार्फत भराव्या लागतात, म्हणून भारतीय ट्रायथ्लॉन महासंघाशी पुष्कळ आधी संपर्क साधावा. वयोगट पाच-पाच वर्षांचे असतात आणि शर्यतीच्या वर्षातील ३१ डिसेंबरला जे वय असेल ते धरले जाते. त्यामुळे सप्टेंबरमध्ये ३९ वर्षांचा असलेला, पण नोव्हेंबरमध्ये चाळिशी पूर्ण करणारा स्पर्धक ४० ते ४४ या गटात जातो.

१५. व्हिसा, विमा आणि सायकल नेण्याबाबत काय ध्यानात ठेवावे?

स्वित्झर्लंडसाठी शेंगेन व्हिसा लागतो. त्याचा अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो, आणि तो लवकर करावा, कारण उन्हाळ्यात भेटीच्या वेळा भरून जातात. व्हिसासाठी किमान ३०,००० युरोंचा वैद्यकीय विमा सक्तीचा आहे. पण अनेक प्रवास विम्यांमध्ये स्पर्धात्मक खेळातील दुखापत वगळलेली असते, म्हणून अटींचा तो परिच्छेद वाचून, गरज असल्यास वेगळे संरक्षण घ्यावे.

सायकल खोक्यात भरताना डावे पेडल उलट्या आट्याचे असते हे विसरू नये. सुटी लिथियम बॅटरी आणि पॉवर बँक हातातल्या सामानातच ठेवावी. हवा भरण्याची गॅसची नळकांडी विमानात नेण्याच्या भानगडीत न पडता तेथेच विकत घ्यावीत. दुधाचे आणि मांसाचे पदार्थ भारतातून स्वित्झर्लंडमध्ये नेण्यास मनाई आहे, तेव्हा पेढे-बर्फी घरीच ठेवावी.

१६. मी हौशी आहे, मग उत्तेजकविरोधी नियम मला कशाला लागू होतील?

लागू होतात, आणि आपल्याकडे त्यांविषयी बेफिकिरी फार आहे. भारतात सर्रास मिळणाऱ्या खोकल्याच्या काही औषधांत टर्ब्युटॅलिन असते, ते कायम प्रतिबंधित आहे. रक्तदाबासाठी दिली जाणारी हायड्रोक्लोरोथायझाइडसारखी लघवी वाढवणारी औषधेही प्रतिबंधित आहेत. प्रेडनिसोलोनच्या गोळ्या स्पर्धाकाळात चालत नाहीत, आणि ट्रॅमाडॉल २०२४ पासून स्पर्धाकाळात बंद आहे. नियमित औषध चालू असेल तर स्वतःच्या मनाने ते थांबवू नये. डॉक्टरांशी बोलून पर्यायी औषध घ्यावे किंवा वैद्यकीय सवलतीसाठी अर्ज करावा. घटक न छापलेली चूर्णे आणि ताकदीचे डबे यांपासून दूर राहावे.

आयब्युप्रोफेन आणि डायक्लोफेनॅक प्रतिबंधित नाहीत, तरीही शर्यतीच्या दिवशी ती घेऊ नयेत. शरीरातील पाणी कमी झालेले असताना ती मूत्रपिंडांवर ताण आणतात आणि उत्तर ८ मध्ये सांगितलेला सोडियम घसरण्याचा धोका वाढवतात.

१७. स्त्रियांनी तयारीत वेगळे काय पाहावे?

लोह. हिमोग्लोबिन ठीक असूनही फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा दाखवणारे प्रथिन) खालावलेले असू शकते, विशेषतः शाकाहारी आणि पाळीत रक्तस्राव जास्त असलेल्या स्त्रियांमध्ये. म्हणून तयारीच्या सुरुवातीला दोन्ही तपासण्या कराव्यात आणि गोळ्या डॉक्टरांच्या सल्ल्यानेच घ्याव्यात. सराव वाढल्यावर पाळी अनियमित झाली किंवा थांबली तर ते ‘फिटनेस’चे लक्षण मानू नये. शरीराला खर्चाच्या मानाने अन्न कमी पडत असल्याची ती खूण आहे आणि तिचा परिणाम हाडांवर होतो. अशा वेळी सराव कमी करून आहार वाढवावा आणि स्त्रीरोगतज्ज्ञांना भेटावे. पाळी शर्यतीच्या दिवशी येण्याची शक्यता असेल तर त्या दिवसांत एखादा लांब ब्रिक आधीच करून पाहावा, म्हणजे कपडे आणि साहित्य यांचा अंदाज येतो.

१८. शर्यत मध्येच सोडावी लागली तर काय करायचे?

जवळच्या पंचाला किंवा मदत केंद्रावर सांगून, पायातली वेळमापन चिप जमा करून मगच मार्ग सोडावा. न सांगता हॉटेलवर निघून गेल्यास मार्गावर तुमचा शोध सुरू होतो आणि इतर स्पर्धकांसाठी असलेली वैद्यकीय माणसे त्यात गुंततात. शेवटच्या धावण्यात पोट बिघडले किंवा पेटके आले तर लगेच शर्यत सोडू नये. दहा मिनिटे चालावे, पोट बिघडले असल्यास फक्त घोटघोट पाणी घ्यावे, आणि पुढच्या मदत केंद्रापर्यंत फरक पडतो का ते पाहावे. बऱ्याचदा तेवढ्याने गाडी रुळावर येते. मात्र छातीत दुखणे, तोल जाणे, गोंधळल्यासारखे होणे किंवा लघवी गडद तपकिरी होणे यांपैकी काहीही झाले, तर वाट न पाहता तेथेच थांबून वैद्यकीय पथकाला बोलवावे.